रुसांग्याची कुत्री आणि आत्याबाईंचा फॉर्म

रुसांगा दवाखाना,
शुक्रवार (शुक्रवारी दवाखाना बंद असतो. आज उघडा आहे. का, ते पुढे येईल.)

ती. एमेरेन्सिया आत्याबाईंना भाची नेत्सायचा गुडघे टेकून, ओंजळीने टाळ्या वाजवून नमस्कार. (टाळ्या कागदावरून ऐकू येत नाहीत, पण खरंच वाजवल्या आहेत. बाहेरून रखवालदार सेकुरूंनी कोण पाहुणं आलं म्हणून विचारलंसुद्धा.) तुमचे गुडघे कसे आहेत? कंबर कशी आहे? ज्या म्हाताऱ्यांना तुम्ही रोज आंघोळ घालता ते कसे आहेत, आणि त्यातला तो चमचा फेकणारा अजून नेम धरून फेकतो का? मी कशी आहे हे रीतीप्रमाणेच सांगते: तुम्ही बऱ्या असाल तर मी बरी आहे. लेस्टरमध्ये लोक नुसतंच ‘बरा आहे’ म्हणतात आणि पुढे जातात, असं तुम्ही मागे सांगितलं होतं. ते ऐकून आईला दोन दिवस वाईट वाटत होतं. समोरच्याला विचारल्याशिवाय माणूस आपण बरे आहोत हे ठरवतो तरी कसा, असं तिचं म्हणणं.

फोन न करता पत्र का लिहिते, तर फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. कागदावर तुम्हाला मध्ये बोलता येत नाही. पत्र पाद्री चिकोरे यांच्या हाती देत आहे. ते धर्मसभेसाठी तिकडे येत आहेत आणि परतीचं तिकीटही काढलं आहे असं म्हणतात. (मंडळींचा विश्वास बसलेला नाही. गेल्या रविवारी दोघी-तिघी आधीच रडून घेत होत्या.) पत्र ते वाटेत उघडून वाचणार हे गृहीत धरून लिहिते, तेव्हा पाद्रीबाबा, तुमची फाटलेली विजार माझ्या आईने शिवून ठेवली आहे, निघण्यापूर्वी घेऊन जावी. ती कुणी फाडली हेही पुढे येईल.

तर आत्याबाई, तुम्ही धाडलेला तिकडच्या नोकरीचा फॉर्म पोचला. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं लोक म्हणतात. आपल्यात मिशांचीही गरज पडत नाही. आत्या म्हणजे बापच. बापाच्या आधी तिचा शब्द, लग्नात तिचा शब्द, आणि आता परदेशी जाण्यातही तिचाच. तुम्ही ‘ये’ म्हटलंत म्हणजे बाबा गेल्यापासून मला दुसऱ्या कुणाला विचारायचं उरलंच नाही. त्यात माझं नावच नेत्साय. ‘छळा अजून’ असं नाव आईने पोटच्या पोरीला का ठेवलं, हे तेव्हा तुम्ही घरात नणंद म्हणून राहत होता त्यावरून सगळ्यांना कळलं होतं. (ती आता म्हणते की ते सहज ठेवलं होतं. तुम्हीही सहजच घ्या.) आपल्याकडे तोंडावर बोलणं म्हणजे असभ्यपणा. जे बोलायचं ते पोराच्या नावात घालायचं, आणि पोर नसेल तर कुत्र्याच्या. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

इथली नोकरी कशी आहे, ते तुम्हाला थोडं माहीत आहे. दवाखान्याला चार नर्सा मंजूर आहेत. लिडिया तुमच्या देशात गेली, दुसरी नामिबियाला, तिसरी फक्त कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिने जुन्या कपड्यांचं दुकान टाकलं. आता तीच माझ्याहून जास्त वेळा बटर खाते. उरले मी आणि सेकुरु झिवनाय, म्हणजे वयाने आजोबा, हुद्द्याने रखवालदार, आणि वेळ पडली तर बैलगाडीवाले, आचारी आणि भूल देणारे. (गोष्टी सांगून भूल देतात. औषध संपलं आहे.) पगार वाढवून मागितला तेव्हा वरून उत्तर आलं की पैसे नाहीत, पण दिवस कमी करून देतो, उरलेल्या दिवसांत पोट भरा. म्हणून सोमवार ते बुधवार मी नर्स, आणि गुरुवार ते शनिवार बाजारात जुने ब्लाउज विकणारी बाई. नवरा जोहान्सबर्गहून दर महिन्याला न चुकता नमस्कार पाठवतो, पण मुलीच्या शाळेत नमस्कार चालत नाहीत. गावानेही जमवून घेतलं आहे. ताप सोमवारी येतो, दात मंगळवारी दुखतो, आणि पोटुशा बायका बोटांवर हिशेब करून बुधवारच्या आत मोकळ्या होतात. निदान प्रयत्न तरी करतात. गेल्या वर्षी एकीला नाही जमलं. ती शुक्रवारी आली, कुलूप पाहून बाहेरच्या बाकावर बसली, आणि मी बाजारात एका बाईला हा रंग तुम्हाला खुलून दिसतो असं सांगत होते. बाई वाचली. बाळ नाही वाचलं. सेकुरूंनी बाक धुतलं, आणि मी अजून त्या बाकावर बसत नाही. हे मी तुम्हाला फोनवर कधी सांगितलं नव्हतं.

असो. आता बर्फकांड्यांचं सांगते. दवाखान्यात वीज नाही, पण लसींच्या फ्रिजला छपरावरच्या पाट्यांमधून सूर्य वीज देतो, आणि त्या फ्रिजचा वरचा कप्पा थंड राहून राहून नुसता कंटाळलेला होता. मी त्यात प्लास्टिकच्या नळ्यांमधून लाल आणि नारिंगी सरबत गोठवायला लागले. (लसी खालच्या कप्प्यात, कांड्या वरच्या. दोघींचं एकमेकींशी बोलणं नाही. मी हट्टी चिहेरा कुळातली असले तरी अक्कल शाबूत आहे.) सोमवारी पोरांच्या लसी असतात, म्हणून कांड्याही सोमवारीच. तर झालं असं की पोरं आयांना ओढत आणायला लागली. टोचून घ्यायला रांग, रडून झालं की कांडीला रांग. नदीपलीकडच्या गावची पोरंही पाण्यातून चालत यायला लागली, आणि वर्षअखेरीस माझा आकडा निघाला तो शंभर पोरांमागे एकशे चौदा. मी तो खरा आकडा खराखुरा लिहून पाठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण तो आकडा तपासायला साहेब येण्याआधी कुत्री आली. तुमचं पाकीट दुकानात उतरलं, त्यावर राणीच्या देशाचा शिक्का, आणि संध्याकाळपर्यंत ते पाकीट न उघडता गावाने वाचलं. कुणी एक अक्षर बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या खिडकीखाली सेकुरु ओरडले, “नंतर-कोण! ए नंतर-कोण!” मी दचकून बाहेर आले तर एक चार आठवड्यांचं पिल्लू, आणि सेकुरु अगदी भोळ्या चेहऱ्याने म्हणाले की नवीन आणलंय, नाव लक्षात ठेवायला शिकवतोय. (लिडिया गेली तेव्हा त्यांनी एक पाळलं होतं, सांगून-तरी-जा. ते म्हातारं होऊन आता हाक मारली तरी येत नाही. लिडियाचंही तसंच आहे.) आठवड्यात मुखियाच्या घरी खाल्लं-आमचं नावाचा दांडगा काळा कुत्रा आला. वेळोवेळी मी घेतलेले भोपळे, भुईमूग आणि एक कोंबडी यांना उद्देशून हे होतं. चर्चच्या गाण्यातल्या बायकांनी वर्गणी काढून एक कुत्री घेतली, तिकडे-थंडी-असते. लेकी बोले सुने लागे, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण कुत्र्या बोले नर्सला लागे हे प्रथमच. रोज संध्याकाळी गावभर नंतर-कोण, खाल्लं-आमचं, तिकडे-थंडी-असते अशा हाका, आणि मी चुलीवर मक्याच्या पिठाचा सादझा ढवळत ऐकते. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायचं तर ते तरी कुणाला, भीकही तेच घालतात.

मग मीही चिहेराच. आपल्या कुळातल्या बायकांना गप्प बसवणारा अजून जन्मायचा आहे, हे तुम्हाला मी काय सांगणार. एक ब्लाउज देऊन त्या बदल्यात मी एक पिवळं पिल्लू घेतलं आणि नाव ठेवलं पोटाचं-काय. संध्याकाळी सेकुरूंनी हाक दिली, “नंतर-कोण!” मी ओट्यावरून हाक दिली, “पोटाचं-काय!” सगळं गाव जेवता जेवता थांबलं असणार. ते पुन्हा, मी पुन्हा. असं तीन आठवडे चाललं. समोरासमोर मात्र आम्ही अत्यंत आदराने बोलत होतो, दिवस कसा गेला, तुमचा बरा तर माझा बरा. खुद्द कुत्र्यांना या भांडणातलं काही कळलं नाही. दोघं एकमेकांना चाटत माझ्याच दारात झोपायची. खाल्लं-आमचं तेवढा नावाला जागला, आणि त्याने पाद्रीबाबांची विजार फाडली. पाद्रीबाबा त्या दिवशी माझ्याकडे तुमचा पत्ता मागायला येत होते.

त्यात प्रांताचे माचिंगुरासाहेब आले. शंभरात एकशे चौदा कसे, ते पाहायला. त्यांनी आधी झाडाखाली गाव जमवून भाषण केलं की नर्सांनी देश सोडून जाणं म्हणजे आजारी आईला सोडून जाणं, आणि आपण स्वतः अशा एकाही कागदावर सही करणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिकडे-थंडी-असते भुंकली. मग आत येऊन त्यांनी फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात चाळीस लाल, चाळीस नारिंगी. नोकरी गेली असं धरून मी मनातल्या मनात बाजारात आठवडाभराची जागासुद्धा ठरवली. साहेबांनी बराच वेळ बघितलं, दार लावलं, आणि हळू आवाजात विचारलं की लालमध्ये काय घालता. रिपोर्ट लिहिताना त्यांची जीभ लाल होती. रिपोर्टात त्यांनी ‘स्थानिक पातळीवरील उल्लेखनीय जनजागृती’ असं लिहिलं आहे.

जाताना मी म्हटलं आता मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही, आणि तुमचा फॉर्म पुढे केला. त्यावर वरिष्ठांची सही आणि शिक्का लागतो, आणि माझे वरिष्ठ म्हणजे तेच. त्यांनी दाराकडे पाहिलं, सही केली, जोर लावून शिक्का मारला, आणि फॉर्म हातात देताना विचारलं, “तुमच्या आत्याबाई फक्त बायकांचंच बघतात, की पुरुषांचंही?” त्यांच्या बुटाचा तळ दोरीने बांधलेला होता, तो मला तेव्हा दिसला. तोवर मी साहेबांना पगार असतो असं समजत होते. वाईट वाटलं हो, खरंच. पळसाला पानं तीनच.

आता कालचा गुरुवार. फॉर्म भरलेला, सही झालेली, शिक्का बसलेला. मी चर्चचा निळा झगा घातला, लग्नातला केसांचा टोप घातला, फॉर्म पाकिटात, पाकीट पिशवीत, आणि सकाळच्या बसची वाट पाहत फाट्यावर उभी राहिले. शहरात जाऊन फॉर्म टाकला की झालं, तीन महिन्यांत मी तुमच्या शेजारी, चमच्याच्या नेमात. पोटाचं-काय पायाशी बसलं होतं. लांबून धूळ दिसली, मला वाटलं बस, पण ती होती सेकुरूंची बैलगाडी. गाडीत शुपिकायची आई, दिवस भरलेली, नऊ महिन्यांचा सगळा हिशेब बुधवारवर चुकून गुरुवारात गेलेला, आणि तिला धरून बसलेली तिची सासू. सुनेने दातात अंगावरच्या कापडाचं टोक धरलेलं आणि कळ आली की गाडीची फळी वाजत होती. गाडी माझ्यापाशी थांबली. आता कुणीही म्हणेल की ती सासू ओरडली असेल, हात जोडले असतील. आत्याबाई, ती सासू गाडीतच गुडघ्यांवर आली, तिने ओंजळीने टाळ्या वाजवल्या, आणि म्हणाली, “चिहेरा, सकाळ कशी उगवली?”

मी म्हटलं, तुमची बरी उगवली असेल तर माझी बरी. तिने घरच्यांची विचारपूस केली. मी तिच्या शेळ्यांची केली. तिने माझ्या आईच्या दम्याचं विचारलं, झगा छान आहे म्हणाली, प्रवास सुखाचा होवो म्हणाली. मागे सून विव्हळत होती आणि ही बाई रीतीतलं एक वाक्य गाळत नव्हती, आणि जे विचारायचं ते सोडून सगळं विचारत होती. शेवटी मीच विचारलं की तुम्ही सगळ्या कशा आहात. तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही बऱ्या असाल तर आम्ही बऱ्या आहोत, चिहेरा.” हे वाक्य मी रोज पन्नास वेळा ऐकते आणि पन्नास वेळा बोलते. काल पहिल्यांदा ते मला कळलं. मागून खरोखरीच बस आली, हॉर्न वाजला. सेकुरूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. गाडीमागे धावून दमलेल्या पिल्लाला त्यांनी नुसती हाक दिली, “नंतर-कोण, चल बाळा, उशीर होतोय.”

मला राग आला, आत्याबाई. त्यांचा नाही, पगार देणाऱ्यांचा, तुमचा, माझा, त्या बाकाचा, कशाकशाचा. आणि रागारागाने मी गाडीत चढले. बस गेली. कंडक्टरने हात हलवला, त्याला वाटलं असेल मी लग्नाला चालले.

बाळंतपण सोपं नव्हतं. बाळ पायाळू. हातमोज्यांचा एकच जोड, तोही बाळंतिणीने आणलेला, कारण आमच्याकडे पेशंट हातमोजे, मेणबत्ती आणि ब्लेड घेऊन येतो आणि दवाखाना फक्त नर्स पुरवतो. (तीही सोमवार ते बुधवार.) टोप डोळ्यांवर यायला लागला तो मी भिरकावला, तो पोटाचं-काय घेऊन पळालं, आणि त्या दोन कुत्र्यांनी तो मेलेला ससा समजून अंगणात पुरला. सेकुरु पाणी तापवत होते. बाराच्या सुमाराला पोरगी बाहेर आली, निळी, गप्प. मी तिला चोळलं, उलटी धरली, तोंडातलं काढलं, आणि तिच्याशी जे काही बोलले ते पाद्रीबाबा वाचणार असल्यामुळे लिहीत नाही. मग ती रडली. सासूने बाहेरून जी आरोळी ठोकली ती तुम्हाला लेस्टरला ऐकू आली नसेल तर तुमचे कान तपासून घ्या. मीही रडले. ते तुम्हाला सांगायला लाज नाही.

मग जन्माची नोंद. वेळ, वजन, कुणी केलं, सगळं लगेच लिहावं लागतं, नाहीतर सरकारच्या मते पोर जन्मलेलंच नसतं. रजिस्टर चार महिन्यांपूर्वी संपलं. बाळंतिणीची वही तिच्या थोरल्याने शाळेत गणितासाठी नेलेली. तुमच्या पाकिटाने सेकुरूंनी चूल पेटवलेली. (पाकीटच फक्त, म्हणाले. कोरडं होतं, म्हणाले.) सगळ्या इमारतीत एका बाजूने कोरा असलेला एकच कागद होता. तेव्हा तुमच्या फॉर्मच्या पाठीवर मी लिहिलं: मुलगी, पायाळू, दोन किलो आठशे, रडली. (भिंतीवरही लिहिता आलं असतं, हे मला नंतर सुचलं. फार नंतर नाही.) नोंदीवर शिक्का लागतो, तो त्या कागदावर आधीच होता. प्रांताच्या साहेबांचा शिक्का जन्माच्या दिवशीच मिळालेली रुसांग्यातली ती पहिली नागरिक आहे.

बाळंतीण आत झोपली आहे, म्हणून आज शुक्रवारी दवाखाना उघडा. उघडा दिसला म्हणून सकाळपासून अकरा जण येऊन गेले. ब्लाउज तसेच गाठोड्यात आहेत. संध्याकाळी सेकुरूंनी हाक मारली, पण नावाने नाही, नुसतं ‘यू यू’ केलं. मलाही चुकल्यासारखं झालं.

घरी सगळ्यांना नमस्कार. त्या चमचावाल्या म्हाताऱ्यालाही. तुम्ही बऱ्या राहा, म्हणजे मला बरं राहता येईल.

तुमची भाची,
नेत्साय

ता.क. १. वरून तुमच्या लक्षात आलंच असेल की फॉर्म आता माझ्याकडे नाही, शुपिकायच्या आईकडे आहे, आणि ती तो परत देणार नाही. दुसरा पाठवा. रागावू नका.

ता.क. २. दोन पाठवा. तुम्ही पुरुषांचंही बघता का, याच्या उत्तराची माचिंगुरासाहेब वाट पाहत आहेत. त्यांनी एका पोराच्या हाती निरोप धाडला आहे, आणि सहा लाल कांड्याही मागवल्या आहेत.

ता.क. ३. आज सकाळीच पोरीचं नाव ठेवून टाकलं, ते सांगायचं शेवटी ठेवलं होतं. आता सांगते. सासूने पोरीचं नाव एमेरेन्सिया ठेवलं. तुमचं. मला थांबवायचं तर माझ्याशी बोलून उपयोग नाही, माझा बाप लेस्टरमध्ये आहे, हे त्या बाईने ओळखलं, आणि कुत्र्यावर न भागवता थेट नात उचलून तुमच्यापुढे ठेवली. एका नावाची माणसं आपल्यात सख्ख्याहून सख्खी, तेव्हा पोरीला तुमची भेट आलीच पाहिजे, नाहीतर आपल्या कुळाचं नाक कापलं जाईल. शाल नको, बाहुली नको. हातमोजे पाठवा. साडेसहा नंबरचे, मिळतील तितके. नाळेचे चिमटे पाठवा. पानं भरपूर असलेलं एक जाड रजिस्टर पाठवा. तुमच्या म्हाताऱ्यांच्या घरी हे सगळं कपाटं भरून असतं असं तुम्हीच सांगितलं होतं, ते मी विसरलेली नाही.

ता.क. ४. पाद्रीबाबांच्या परतीच्या तिकिटाच्या भरवशावर राहू नका. हातमोजे विमानाने पाठवा. माझा फॉर्म बोटीने पाठवला तरी चालेल. आपल्या देशाला समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे.